डबेवाल्यांची खूणभाषा : एका संज्ञेची चिकित्सा

मुंबईच्या डबेवाल्यांविषयी जे व्यवस्थापनविषयक लेखन झाले आहे, त्यात त्यांच्या व्यवस्थेस ‘वितरित अल्गोरिदम’ म्हणण्याचा मोह वारंवार दिसतो. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये आरंभिलेल्या या व्यवसायाचा अभ्यास हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये प्रसिद्ध केला. गौरव रास्तच आहे. संज्ञा मात्र तपासून घेणे अवश्य आहे.

वितरित अल्गोरिदमचे प्रसिद्ध उदाहरण बेलमन-फोर्ड रीतीचे होय. तीत प्रत्येक केंद्र शेजाऱ्यांनी कळविलेल्या अंतरांत शेजाऱ्यापर्यंतचे अंतर मिळवते आणि त्यांतील लघुतम मार्ग पत्करते. ही क्रिया अखंड चालत असल्याने एखादा दुवा तुटल्यास, पर्याय असेल तर तो यथावकाश सापडतो. १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेटची मार्गनिवड आरंभी याच तत्त्वावर होत असे.

आता डब्यावरील खूण पाहू. मध्यभागी ‘३’ हा उतरण्याच्या विभागाचा आकडा. कडेला ‘९ ईएक्स १२’, म्हणजे तेथील डबेवाला, इमारत आणि मजला. गाडीत चढविणाऱ्याने मधला आकडा वाचावा, पोचविणाऱ्याने कडेची अक्षरे. ग्राहकाचे नाव नाही, घराचा पत्ताही नाही. रिकामा डबा आपल्या घरी परततो तो गोळा करणाऱ्याच्या स्मरणाने. खूण एक, परंतु प्रत्येक वाचकाला तिचा एकेकच अवयव सार्थ. मात्र येथे अंतरांची देवघेव नाही, मार्गाची फेरनिवड नाही. मार्ग लोकलच्या वेळापत्रकाने आधीच ठरविलेला असतो. वितरित आहे ते वाचन, गणन नव्हे.

हा भेद केवळ शाब्दिक आहे, असे कोणी म्हणेल. परंतु मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि डबेही थांबले. कचेऱ्याही बंद होत्या हे खरे; तथापि त्या अंशतः उघडल्यावरही लोकलवाचून सेवा पूर्ववत होऊ शकली नाही. हा दोष डबेवाल्यांचा नव्हे. ज्या संज्ञेने हे परावलंबन झाकले, तिचा होय.

उद्या आपल्या नाशिकच्या भाजीपाल्याच्या वाहतुकीसाठी कोणी ही खूणपद्धती उचलील. तिच्यामागे ठरलेल्या वेळेची गाडी आहे; मावळ, जुन्नर, अकोले, संगमनेर या मुलखातील माणसांची समान बोली आणि परस्परविश्वास आहे. हे सोडून केवळ अक्षरे उचलली, तर हाती लिपी येईल. भाषा येणार नाही.