बावीसपैकी एकवीस : आज्ञापालनाचा एक जुना प्रयोग कसा वाचायचा?



नेतृत्वावरचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा. ‘आज्ञापालन’ हा मुद्दा आला की दोन-तीन ठरलेले प्रयोग हजेरी लावतातच. मिलग्रॅमचा विजेच्या झटक्यांचा प्रयोग तुम्ही नेटच्या अभ्यासात वाचला असेल. त्याच्या मागोमाग येतो चार्ल्स हॉफलिंग आणि सहकाऱ्यांचा १९६६ चा, अमेरिकेतल्या नर्सेसवरचा अभ्यास. पुष्कळदा तो एका वाक्यात उरकला जातो : २२ पैकी २१ नर्सेसनी डॉक्टरचा चुकीचा आदेश ऐकला. लगेच पुढे तात्पर्य : वरिष्ठ बोलले की माणसं विचार करणं सोडतात, म्हणून नेत्याने स्वतंत्र विचारांची माणसं हाताशी धरावीत.

आकडा बरोबर आहे. तात्पर्याबद्दल मात्र मला शंका आहे. ती तुमच्यापुढे मांडतोय, कारण पीएचडीला प्रवेश घेतल्यावर तुम्हाला हाच प्रश्न रोज भेटणार आहे : गाइडचं किती ऐकायचं आणि स्वतःचं डोकं कुठे चालवायचं?

प्रयोग काय होता?

वॉर्डमध्ये ड्यूटीवर असलेल्या नर्सला फोन येतो. बोलणारा स्वतःची ओळख ‘डॉ. स्मिथ’ अशी करून देतो. तिने या माणसाला कधी पाहिलेलं नाही. तो सांगतो, अमुक पेशंटला ‘ॲस्ट्रोटेन’ २० मिलिग्रॅम द्या, मी थोड्या वेळात येतोच आहे, तेव्हा कागदावर सही करेन. औषधाच्या डबीवर लिहिलेलं असतं : नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅम, दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. म्हणजे सांगितलेली मात्रा कमाल मर्यादेच्या दुप्पट. शिवाय फोनवरून औषधाचा आदेश घेणं नियमाबाहेरचं, आणि हे औषध वॉर्डच्या मंजूर यादीतही नाही. ॲस्ट्रोटेन नावाचं औषध मुळात अस्तित्वातच नव्हतं. डबीत साध्या, निरुपद्रवी गोळ्या होत्या. नर्स औषध घेऊन पेशंटकडे निघाली की निरीक्षक तिला थांबवायचा. २२ पैकी २१ जणींना असं थांबवावं लागलं.

संशोधकांनी आणखी एक गोष्ट केली. दुसऱ्या नर्सेसना आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हाच प्रसंग कागदावर देऊन विचारलं, ‘तुम्ही काय कराल?’ १२ नर्सेसपैकी १० जणी म्हणाल्या, औषध देणार नाही. विद्यार्थिनी होत्या २१. त्या सगळ्याच ‘नाही’ म्हणाल्या.

या अभ्यासाचा सगळ्यात भक्कम भाग मला हाच वाटतो. ‘वरिष्ठांचा आदेश चुकीचा वाटल्यास मी विरोध करतो/करते : पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ...’ अशी प्रश्नावली सिनॉप्सिसमध्ये घालायचा विचार असेल, तर जरा थांबा. त्या प्रश्नावलीतून लोकांना स्वतःबद्दल काय वाटतं एवढंच कळेल. फोन आल्यावर ते काय करतील, हे कळणार नाही.

मग खटकतं कुठे?

पहिली गोष्ट, मोजलं काय? नर्स पेशंटकडे निघाली, एवढंच मोजलं गेलं. पेशंटच्या खाटेपाशी जाऊन तिने डबी पुन्हा वाचली असती का, माघारी फिरली असती का, हे डेटामध्ये नाही. तिला थांबवणं नैतिकदृष्ट्या आवश्यकच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘औषध दिलं’ आणि ‘औषध द्यायला निघाली’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत, आणि पुस्तकं सर्रास पहिलं वाक्य लिहितात.

दुसरी गोष्ट, या २१ जणी एकाच प्रकारच्या नव्हत्या. नंतरच्या मुलाखतींत साधारण निम्म्या म्हणाल्या की मात्रेतला फरक लक्षात आला होता. बाकीच्यांच्या तो लक्षातच आला नव्हता. आता बघा, जिला फरक दिसला आणि तरी जी निघाली, तिने आज्ञा पाळली असं म्हणता येईल. जिला दिसलाच नाही, तिचं काय? ते कामाच्या गर्दीतलं दुर्लक्ष आहे. दोघींना एकाच रकान्यात टाकलं की आकडा मोठा होतो आणि अर्थ पातळ.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हॉस्पिटलचे नियमही आदेशच होते. डॉक्टरचं ऐकणाऱ्या २१ जणींनी त्याच क्षणी लेखी नियम मोडले. जी बाविसावी थांबली, ती नियमाला धरून होती. मग आज्ञाधारक कोण? ‘आज्ञापालन विरुद्ध स्वतंत्र विचार’ ही जोडीच इथे लंगडी पडते. प्रत्यक्षात दोन आज्ञा समोरासमोर होत्या : एक कागदावरची, दुसरी फोनवरची. फोनवरची का जिंकली, याचं उत्तर नर्सेसनी मुलाखतीत दिलं होतं : असे आदेश नेहमीच येतात आणि आढेवेढे घेतले की डॉक्टर चिडतात. म्हणजे कागदावर नियम होता, पण तो पाळणारीच्या पाठीशी कुणी नव्हतं.

अकरा वर्षांनंतर

१९७७ मध्ये रँक आणि जेकबसन यांनी असाच प्रसंग पुन्हा घडवला. या वेळी औषध व्हॅलियम होतं, म्हणजे नर्सेसच्या चांगल्या माहितीतलं. डॉक्टरचं नाव ओळखीचं होतं आणि सहकाऱ्यांना विचारायची मोकळीक होती. मात्रा अर्थातच जास्त. १८ पैकी फक्त दोघी सांगितल्याप्रमाणे द्यायला तयार झाल्या. बाकीच्या कुठे ना कुठे अडल्या.

‘बघा, हॉफलिंग खोटा ठरला!’ असं म्हणायचा मोह होतो. लेखकांनीही आपल्या निबंधाच्या शीर्षकात हे ‘पुनःप्रयोगाचं अपयश’ असल्याचं म्हटलंय. पण हा पुनःप्रयोग आहे का? औषध, डॉक्टर आणि सल्ल्याची सोय या तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या, वर अकरा वर्षांचा काळही मध्ये गेला. फरक कशामुळे पडला ते सांगताच येत नाही. शिवाय नमुने २२ आणि १८ चे. एका अभ्यासावरून ‘माणसं मेंढरं असतात’ आणि दुसऱ्यावरून ‘माणसं शहाणी असतात’ असं म्हणणं सारखंच घाईचं आहे.

दोन्ही मिळून जपून एवढं म्हणता येईल : स्वतंत्र विचार हा माणसाच्या स्वभावात कायमचा बसवलेला गुण नसावा. आपल्याला विषयाची किती माहिती आहे आणि शेजारी विचारायला कुणी आहे का, यावर तो बराच अवलंबून असावा. ज्या औषधाचं नावच ऐकलेलं नाही, त्याबद्दल स्वतंत्र विचार करणार तरी कशाच्या जोरावर?

नेत्याचं काम कोणतं?

हे मान्य केलं, तर ‘स्वतंत्र विचारांची माणसं निवडा’ हा सल्ला अपुरा ठरतो. विचारायची सोय करणं हे नेत्याचं काम ठरतं. त्याच १९७७ सालच्या २७ मार्चला टेनेरिफच्या धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲमची विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. धुकं, रेडिओवरचा गोंधळ अशी कारणं बरीच होती. पण केएलएमच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरने ‘ते विमान अजून बाजूला झालं नाही का?’ अशा अर्थाची शंका काढली होती. कॅप्टनने ठामपणे ती उडवून लावली आणि पुढे कुणी बोललं नाही. शंका आली होती, ती टिकली नाही. नंतरच्या वर्षांत वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठांनी बोलणं आणि कॅप्टनने ऐकणं या दोन्ही गोष्टी शिकवल्या जाऊ लागल्या. अंतिम निर्णय कॅप्टनकडेच राहिला. आज्ञा देण्याचा अधिकार गेला नाही, तिच्याआधी प्रश्नाला जागा मिळाली.

उलट बाजूही लक्षात घ्या. पेशंटचं हृदय बंद पडलंय आणि प्रत्येक आदेशावर चर्चा चाललीय, हे परवडणारं नाही. तिथे ऐकणं हाच शहाणपणा. प्रश्न विचारायची वेळ त्याआधीची किंवा नंतरची.

आता तुमच्याकडे येऊ

समजा, गाइड म्हणाले, ‘हे पाच उत्तरदाते काढून टाक, निष्कर्ष नीट येईल.’ ‘सर म्हणतील तसं’ हे एक टोक, ‘सर, हे चुकीचं आहे’ हे दुसरं. मधला रस्ता साधा आहे : ‘सर, हे पाच वगळल्याचं कारण प्रबंधात काय लिहू?’ कारण खरं असेल, उदाहरणार्थ अर्धवट भरलेल्या प्रश्नावल्या, तर ते लिहिता येतं आणि तुम्हीही काहीतरी शिकता. लिहिता येण्यासारखं कारणच नसेल, तर ते दोघांनाही तिथल्या तिथे कळतं. इथेही दोन आज्ञा आहेत : एक तोंडी, दुसरी संशोधनपद्धतीची. व्हायवात परीक्षक दुसरीबद्दल विचारतात आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

पण हा प्रश्न विचारायला वगळण्याचे नियम आधी माहीत हवेत. नाहीतर तुमच्या हातात ॲस्ट्रोटेनचीच डबी आहे. म्हणून कोर्सवर्कमध्ये पद्धतीचा पेपर ‘पास होण्यापुरता’ करू नका. सिनिअर्सशी आणि दुसऱ्या विभागातल्या मित्रांशी बोलत राहा. रँक-जेकबसनच्या नर्सेसना होती तशी विचारायची सोय पुष्कळदा आपली आपणच उभी करावी लागते.

पुढच्या वेळी कुठल्याही पुस्तकात ‘२२ पैकी २१’ सारखा आकडा दिसला, की मूळ निबंध काढा आणि तपासा : नेमकं काय मोजलं, एका रकान्यात कोण कोण कोंबलं, दुसऱ्या अभ्यासात एकावेळी किती गोष्टी बदलल्या. ही सवय लागली, की गाइडसमोर काय आणि कसं विचारायचं हेही हळूहळू जमू लागतं.