एक मालिका, एक तळे आणि काही प्रश्न

विज्ञानावरच्या दूरचित्रवाणी मालिकांमधील बरीचशी माहिती प्रेक्षक विसरून जातात; एखादे दृश्य मात्र वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहते. बीबीसीने १९७३ साली दाखवलेल्या ‘द असेंट ऑफ मॅन’ या तेरा भागांच्या मालिकेचा विषय निघाला की, ती पाहिलेली मंडळी हटकून एका तळ्याविषयी बोलतात.

मालिकेचे लेखक आणि निवेदक जेकब ब्रोनोव्स्की हे १९०८ साली पोलंडमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेले गणितज्ञ. अकराव्या भागाच्या शेवटी ते ऑशविट्झ येथील नाझी छळछावणीतल्या तळ्याकाठी उभे असतात. ठार मारलेल्या माणसांची राख या तळ्यात टाकली जाई. ब्रोनोव्स्कींच्या नात्यातील अनेक माणसे याच छावणीत मारली गेली. बोलता बोलता ते पायांतल्या बुटांसह पाण्यात उतरतात, वाकतात आणि तळचा चिखल मुठीत घेतात.

हे पाहताना आमचाही घसा दाटून येतो. पण या परिणामाचे सगळे श्रेय त्या एका कृतीला देणे बरोबर होणार नाही. त्याची तयारी भागाच्या सुरुवातीपासून चाललेली असते. प्रथम एक अंध स्त्री एका माणसाचा चेहरा बोटांनी चाचपते. मग तोच चेहरा वेगवेगळ्या तरंगलांबीच्या किरणांतून दाखवला जातो. प्रत्येक वेळी नवे काही कळते, पण अंतिम चित्र कधीच मिळत नाही. पुढे गाउसचा वक्र येतो. एकाच ताऱ्याचे स्थान पुन्हा पुन्हा मोजले तरी मापे थोडी विखुरतातच. त्यानंतर येते हायझेनबर्गचे १९२७ चे अनिश्चितता तत्त्व. ब्रोनोव्स्की त्याला ‘टॉलरन्स’चे तत्त्व म्हणतात. इंजिनिअरच्या भाषेत टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा थोडाफार फरक. एरवीच्या भाषेत सहिष्णुता. आपल्या ज्ञानाला अशी मर्यादा आहे हेच जे मानत नाहीत, त्यांच्या हाती सत्ता गेली की काय होते, ते तळ्याकाठी दिसते.

मांडणी अशी भक्कम असल्यामुळेच तिची तपासणी व्हायला हवी. डोळे भरून आलेले असताना ती नेमकी राहून जाते.

पहिली गोष्ट आकड्याची. या तळ्यात चाळीस लाख माणसांची राख गेली, असे ब्रोनोव्स्की सांगतात. त्या काळी हाच आकडा सांगितला जाई. पुढे इतिहासकारांनी वाहतुकीच्या नोंदी आणि इतर कागदपत्रे तपासली. त्यानुसार ऑशविट्झमध्ये मारल्या गेलेल्यांची संख्या सुमारे अकरा लाख येते, आणि त्यांत सुमारे दहा लाख ज्यू होते. एकूण साठ लाख ज्यूंच्या हत्येचा अंदाज या जुन्या आकड्यावर आधारलेला नव्हता. त्यामुळे या दुरुस्तीने गुन्हा तसूभरही लहान होत नाही. मोजमाप सुधारत जाते, हा त्या भागाचाच धडा आहे.

दुसरी गोष्ट भौतिकीची. हायझेनबर्गचे तत्त्व स्थान आणि संवेग यांसारख्या राशींच्या जोड्यांबद्दल बोलते. समाजात सहिष्णुता असावी, हे त्यावरून सिद्ध होत नाही. उपमा म्हणून ती सुंदर आहे, पण विद्यार्थ्यांना उपमा आणि सिद्धता यांतला फरक कळलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. हे कृत्य वायूने केले नाही, तर उद्दामपणाने, हटवादाने आणि अज्ञानाने केले, असे सांगून ब्रोनोव्स्की विज्ञानाला आरोपमुक्त करतात. पण तो वायू, हायड्रोजन सायनाइड, कीटकनाशक म्हणून तयार केलेल्या ‘झायक्लॉन बी’मधून निघत होता आणि तो एका प्रगत रसायन उद्योगाने पुरवला होता. कैद्यांवर प्रयोग करणारा डॉ. मेंगेले मानववंशशास्त्र आणि वैद्यक शिकलेला होता. ही माणसे अडाणी नव्हती. विशेष म्हणजे, ब्रोनोव्स्की स्वतः याच भागात गॉटिंगनमधील ब्लूमेनबाख यांचा कवट्यांचा संग्रह दाखवतात आणि वंशवादाने पुढे त्याचा आधार कसा घेतला तेही सांगतात. म्हणजे विरुद्ध बाजूचा पुरावा त्यांनीच समोर ठेवलेला आहे. प्रेक्षकांच्या लक्षात मात्र तळे राहते आणि कवट्या विसरल्या जातात.

मग भारावून जाणे वाईट का? मुळीच नाही. भारावल्याशिवाय हा विषय कोणी पुन्हा उघडणारही नाही. मात्र हा भाग वरच्या वर्गांना दाखवलात, तर संपल्या संपल्या ‘यातून काय बोध घ्याल?’ असे विचारू नका. मुलांना थोडा वेळ शांत बसू द्या. दुसऱ्या दिवशी तीन प्रश्न द्या. तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिलेत? निवेदकाने कोणता दावा केला? त्या दाव्याला पुरावा कोणता, आणि केवळ त्यांच्या बोलण्याचा प्रभाव किती? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात कवट्यांचा उल्लेख किती जणांनी केला, तेही पाहा.

एखादा विद्यार्थी उठून ‘मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटत नाही’ असे म्हणाला, तर त्या दृश्याचा अवमान झाला असे समजून त्याला गप्प करू नये. त्याला कारणे विचारावीत. आपली चूक होत असेल ही शक्यता नेहमी मनात ठेवा, अशी विनवणी ब्रोनोव्स्की त्या तळ्याकाठी करतात. त्या विद्यार्थ्याने ती विनवणी ऐकली, असेच आम्ही म्हणू.