पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे काय?

पूररेषेच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, दोहोंमधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. यामागचे गणित शास्त्रीय आहे. आक्षेप आहे तो ते लोकांना सांगण्याच्या भाषेवर.

‘२५ वर्षांतून एकदा’ हे वाचून सामान्य माणूस काय समजतो? पूर येऊन गेला, आता २५ वर्षे चिंता नाही! बदलापूरला उल्हास नदीने हा समज खोटा ठरवला आहे. २६ जुलै २००५ नंतर २०१९ च्या जुलैत पुन्हा पूर आला. बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा वस्तीत शिरले. एवढ्यावरून रेषा चुकली असे मात्र म्हणता येत नाही. तिचा खरा अर्थ एवढाच, की दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता ४ टक्के असते.

हे वर्गात करून पाहावे. २५ चिठ्ठ्यांपैकी एक लाल ठेवा. प्रत्येक मुलाने चिठ्ठी काढून परत टाकायची, असे ३० वेळा. दहापैकी सुमारे सात मुलांना एकदा तरी लाल चिठ्ठी मिळेल. घराचे कर्ज फेडण्याच्या ३० वर्षांतला धोका हाच: ७१ टक्के. लाल रेषेसाठीही तो २६ टक्के भरतो. नकाशावर हे आकडे छापले, तर घर घेणारा वेगळा विचार करील.

दुसरा दोष म्हणजे रेषेचा रेखीवपणा. ती मागील नोंदींवरून बांधलेला अंदाज असते. काठावर भराव पडला की पाण्याची वाट बदलते. नोंदी विरळ असतील तर अंदाजही कच्चा. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर पाऊस झाला. एका पर्जन्यमापकावरून शेजारच्या गावाचे अनुमान काढणे किती धोक्याचे, हे यावरून दिसते.

येथे शाळांना काम आहे. उल्हास कर्जत, नेरळकडून बदलापूरला येते; वालधुनी अंबरनाथहून उल्हासनगरात शिरते. वरच्या गावातील शाळेने पाऊस मोजून खालच्या शाळेला कळवावा. खालच्या शाळेने पुराची पातळी तारखेसह भिंतीवर नोंदवावी. अशा नोंदी साठल्या, की नकाशातील रेषा गावकऱ्यांनाही तपासता येईल.