रॉयल्टी-फ्री लूप घेतला, मग गाणं कुणाचं?

उंब्रजच्या माझ्या एका मित्राने वरातीसाठी ट्रॅक केला. हलगीचा रॉयल्टी-फ्री लूप डाऊनलोड केला, खाली बेस टाकला, वर स्वतः वाजवलेली सनई घातली. ऑनलाइन टाकला आणि पंधरा दिवसांत त्यावर कॉपीराइटचा दावा आला. दावा करणाऱ्यानेही तोच लूप वापरला होता! मित्र म्हणतो, "फ्री होता ना रे?"

कॉपीराइटवर संशोधन करायचं म्हणत असाल तर इथेच थांबा. मी वाचलेल्या बऱ्याच प्रस्तावांत हाच गोंधळ सापडतो. रॉयल्टी-फ्री म्हणजे दर वापरामागे पैसे द्यायचे नाहीत, एवढंच. लूपला मालक असतोच. तो तुम्हाला परवाना देतो आणि तोच परवाना आणखी कितीतरी जणांना देतो. तेव्हा पैशाचा प्रश्न मिटला तरी कर्त्याचा प्रश्न शिल्लक राहतो.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, लूप लावणारा कर्ताच नाही. हेही मला पटत नाही. रिहानाच्या २००७ च्या 'अंब्रेला'मधला ड्रम गॅरेजबँडमधला तयार लूप आहे, ॲपलने पुरवलेला. म्हणून ते गाणं ॲपलचं होत नाही. आणि तो ड्रम रिहानाचाही होत नाही.

आपल्याकडे असा प्रस्ताव लिहिताना 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक' हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हमखास येतो: नुसती मेहनत पुरत नाही, कौशल्य, निर्णयशक्ती आणि थोडी तरी सर्जकता हवी. बरोबर आहे. पण तो खटला न्यायनिर्णयांच्या संपादित मजकुराचा होता. तो जसाच्या तसा ट्रॅकला चिकटवण्याआधी १९५७ च्या कायद्याचं कलम १३ उघडा. संगीतरचनेच्या आधी 'मौलिक' हा शब्द आहे, ध्वनिमुद्रणाच्या आधी नाही. म्हणजे मित्राची रचना मौलिक ठरो न ठरो, त्याच्या मुद्रणाचा विचार वेगळा करावा लागतो. शिवाय कलम १३(४) सांगतं की मुद्रणाच्या हक्काने आतल्या कृतींच्या हक्काला धक्का लागत नाही. थोडक्यात, सनईसाठी तो भांडू शकतो, हलगीसाठी नाही. दावा करणाऱ्यालाही हेच लागू! यूट्यूबच्या कंटेंट आयडीच्या नियमांतही असे लूप संदर्भ म्हणून चालत नाहीत. यंत्राला आवाज जुळलेला कळतो, परवाना कळत नाही.

आता मला जास्त टोचणारी गोष्ट. 'जय जय महाराष्ट्र माझा' म्हटलं की आपण शाहीर साबळ्यांचं नाव घेतो. ते आपल्याच जिल्ह्यातले, वाईजवळच्या पसरणीचे. शब्द राजा बढेंचे, चाल श्रीनिवास खळेंची, पण लोकांच्या तोंडी गाणाऱ्याचं नाव. कायद्याने मात्र रचनेचा कर्ता संगीतकार, मुद्रणाचा कर्ता निर्माता. गाणारा-वाजवणारा 'कलाकार', आणि त्याचे हक्क कायद्यात आले १९९४ च्या दुरुस्तीने. लूपमध्ये हे सगळं उलटं होतं. ती हलगी कुणीतरी हाताने वाजवलीच असणार. मी मित्राबरोबर अख्खा पॅक उघडून पाहिला. कंपनीचं नाव होतं, ठेक्याचा वेग होता, फाईलचा क्रमांक होता. वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. लूपवरचे प्रस्ताव वाचताना मी तो माणूस शोधतो, तिथेही तो भेटत नाही.

मित्राने परवान्याचं पान, डाऊनलोडची तारीख आणि प्रोजेक्ट फाईल जोडून हरकत घेतली. दावा उठला, पण तोवर लग्नसराई संपली होती.