'प्रभावी संज्ञापन' : मराठी परिभाषेची चिकित्सा

प्रस्तुत लेखात 'प्रभावी संज्ञापन' या विषयाच्या मराठी परिभाषेचा विचार करावयाचा आहे. संज्ञापन, संप्रेषण, संदेशवहन आणि संवाद हे शब्द मराठीत जवळजवळ समानार्थी म्हणून वापरले जातात. वास्तविक 'संप्रेषण' व 'संदेशवहन' यांत पाठविणे आणि वाहून नेणे आहे, 'संज्ञापन' म्हणजे जाणवून देणे, तर 'संवाद' या शब्दात एकत्र बोलण्याबरोबरच जुळणे हाही अर्थ आहे. संगीतातील 'संवादी' स्वर याची साक्ष देतो.

व्यावहारिक मराठीच्या अध्यापनात रूढ झालेली प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक ही मालिका क्लॉड शॅनन यांच्या १९४८ मधील प्रतिमानाकडे जाते. शॅनन हे बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ व अभियंते. संकेत अचूक कसा पोहोचेल, एवढाच त्यांचा प्रश्न होता. अर्थाचा प्रश्न अभियांत्रिकीच्या दृष्टीने अप्रस्तुत आहे, असे त्यांनीच स्पष्ट केले होते. परिभाषा उचलताना ही मर्यादा मागे राहिली.

तिचा परिणाम एका साध्या उदाहरणाने लक्षात यावा. अनुदानासाठी अर्ज केलेल्या शेतकऱ्यास 'त्रुटींची पूर्तता करून प्रस्ताव फेरसादर करावा, असे कळविण्यात येते' असे पत्र मिळते. प्रेषक आहे, संदेश आहे, ग्राहकाच्या हाती पत्र पडले आहे. मालिकेनुसार संप्रेषण पूर्ण झाले. तथापि त्रुटी कोणती, पूर्तता कोणाकडे करावयाची, हे त्यास उमगत नाही आणि त्याची एक फेरी वाया जाते. येथे नेमके काय बिघडले हे सांगण्यास रूढ परिभाषेत शब्द नाही. न्यायदर्शनात वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता व सन्निधी या अटी सांगितल्या आहेत. त्यांतील 'आकांक्षा' ही संज्ञा मुळात वाक्यातील पदांपुरती आहे. ती व्यवहारापर्यंत वाढवावी लागेल हे खरे. पण तसे केल्यास दोषाला नाव मिळते : वाचणाऱ्याची आकांक्षा अपुरी राहिली.

चर्चेच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. न्यायसूत्रे वाद, जल्प आणि वितंडा असा भेद करतात. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद; जिंकण्यासाठी होतो तो जल्प; स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडणे ही वितंडा. मराठीने 'वितंडवाद' राखला, 'जल्प' गमावला आणि 'वाद' या शब्दास भांडणाचा अर्थ दिला. परिणामी सभेत सत्यशोधनाचा प्रयत्न करणाराही 'वाद घालणारा' ठरतो.

शास्त्रीय संज्ञा विद्यार्थ्यांना जड जातील, हा आक्षेप रास्त आहे. मात्र बोलीचा साठा कमी नाही. फाटे फोडणे, आडवळणाने बोलणे, री ओढणे, तोंडदेखले बोलणे यांतील प्रत्येक शब्दप्रयोग संवादातील एक स्वतंत्र दोष दाखवतो. 'गळी उतरवणे' आणि 'पटवून देणे' यांतील फरक तर विशेष महत्त्वाचा आहे. संभाषणकौशल्याची पुस्तके ज्यास 'प्रभावी' म्हणतात, त्यातील पुष्कळ भाग पहिल्या प्रकारात मोडतो, आणि मराठी भाषक त्या शब्दप्रयोगातून नापसंतीच व्यक्त करतो. 'कळवणे' व 'कळणे' ही जोडीही अशीच. पहिल्या क्रियेचा कर्ता बोलणारा. दुसरीत 'त्याला कळले' अशी रचना होऊन ऐकणारा केंद्रस्थानी येतो. उपरोक्त पत्रात पहिली क्रिया घडली, दुसरी घडली नाही. पदवीच्या अभ्यासक्रमात अशा क्रियापदांचा सोदाहरण अभ्यास आधी आणि शॅनन यांची आकृती नंतर, असा क्रम ठेवण्यास हरकत नसावी.