हुदहुदाच्या अंड्यावरचे खळगे

हुदहुद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम त्याचा तुरा येतो. काळ्या टोकांची ती केशरी पिसे, जमिनीवर उतरता उतरता क्षणभर उलगडून पुन्हा मिटणारी! त्या तुऱ्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण या पक्ष्याचे खरे लावण्य अनुभवायचे तर नजर तुऱ्यावरून काढून त्याच्या ढोलीच्या अंधारात, थेट अंड्याच्या कवचापर्यंत न्यावी, असे मला मनापासून वाटते.

ही ढोली पूर्वापार बदनाम आहे. झाडाच्या पोकळीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात मादी जवळजवळ काही न अंथरताच अंडी घालते, आणि उबवणीचे दिवस आले की तिथून सडक्या मांसाची आठवण करून देणारा दर्प येऊ लागतो. या दर्पाचा माग काढत गेलो, की आपण मादीच्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या तैलग्रंथीपाशी पोहोचतो. एरवी ही ग्रंथी पांढरट, बिनवासाचे तेल देते. विणीच्या काळात ती फुगते आणि तिच्यातून गडद तपकिरी, उग्र वासाचा स्राव झरू लागतो. नराच्या ग्रंथीत हा पालट होत नाही, घरट्यातल्या पिल्लांच्या ग्रंथीत मात्र होतो. स्पेनमधल्या ग्रानादा आणि आल्मेरिया इथल्या संशोधकांना या स्रावात एंटेरोकोकस वर्गातल्या जिवाणूंची नांदती वस्ती आढळली. प्रतिजैविके देऊन ती वस्ती हटवली, तेव्हा स्रावाचा गडद रंग गेला आणि त्यातली दर्पाची बरीच द्रव्येही नाहीशी झाली. हीच द्रव्ये इतर घातक जिवाणूंना वाढू देत नाहीत. ज्या वासाने आपण नाक मुरडतो, तो त्या बाळंतिणीच्या खोलीचा पहारा आहे.

आता ते अंडे हातात घेतल्यासारखे निरखून पाहू. घालतेवेळी त्याचा रंग फिकट निळसर-करडा असतो. मादी उबवायला बसते आणि पाहता पाहता त्यावर मळकट हिरवी-तपकिरी छटा चढते. हा मळ मादी आपण होऊन लावते. मान वळवून ती लांब, बाकदार चोच ग्रंथीपाशी नेते, चोचीच्या टोकावर स्राव घेते आणि अंड्यांवर माखते. आणि इथे या रचनेतली सर्वांत मोहक जागा येते. सूक्ष्मदर्शकाखाली हे कवच सपाट दिसत नाही. त्याच्या पृष्ठभागावर असंख्य इवले खळगे आहेत, आरपार न जाणारे, केवळ धरून ठेवण्यासाठी असावेत असे. नव्याने टाकी लावलेल्या पाट्यावर जसे वाटण धरते, तसा हा स्राव त्या खळग्यांत बसतो, आणि त्याच्याबरोबर ते जिवाणूही. कवचाच्या आत जीव आकार घेत असताना बाहेर, प्रत्येक खळग्यात, दुसऱ्या एका जीवाची चौकी बसलेली असते! 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मादीला तिच्या ग्रंथीपर्यंत पोहोचू दिले नाही, तेव्हा कवचावरचे हे जिवाणू घटले. आणि जिथे त्यांची दाटी अधिक, तिथे अंडी फुटून पिल्ले बाहेर येण्याचे प्रमाणही अधिक, असे दिसले. चोचीची लांबी, मानेचे वळण, ग्रंथीचे ऋतुमान, कवचाचा पोत यांची ही जुळणी पाहताना मला तरी पुन्हा पुन्हा थांबावेसे वाटते.

उबवण्याचे काम एकट्या मादीचे. ते पंधराएक दिवस ती ढोलीतच असते आणि नर तिला चोचीतून किडे-अळ्या आणून भरवतो. पिल्ले बाहेर आली की हे जिवाणू त्यांच्याही ग्रंथीत वस्तीला येतात, काही आईकडून, काही ढोलीतूनच. शत्रू डोकावला तर पिल्ले सापासारखी फुसफुसतात आणि त्याच्या रोखाने विष्ठेची पिचकारी मारतात. म्हणजे आत डोकावणाऱ्याची गय नाही!

हा पक्षी स्पेनइतकाच आपलाही आहे. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हा त्याच्या विणीचा मुख्य काळ, आणि नेमक्या याच दिवसांत आपण घरांची डागडुजी काढतो. तेव्हा जुन्या वाड्याच्या किंवा विहिरीच्या भिंतीतल्या भोकात चोचीत अळी घेतलेला हुदहुद शिरताना दिसला, आणि आतून तो दर्प आला, तर पिल्ले उडून जाईपर्यंत गवंड्याला ते भोक बुजवू देऊ नका.