दादरचा थेंब

जाहिरात अकरा ओळींची होती आणि फोटो नऊ. पहिली ओळ सगळ्यांचीच असते तशी: 'लुई व्हिटॉन स्पीडी ३०, मोनोग्राम, २००३ची, एकाच मालकिणीने वापरलेली.' दुसरी ओळ वाचून मात्र मी मोबाईल खाली ठेवला आणि फोटो मोठे करून बघता यावेत म्हणून लॅपटॉप उघडला. ती ओळ अशी होती: 'उजव्या बाजूच्या हँडलच्या मुळाशी पाण्याचा एक डाग आहे. जून २००६, दादर स्टेशनबाहेर. पुसून जात नाही.'

विकायला बसलेलं माणूस दोष शेवटी सांगतं, तोही 'किरकोळ वापराच्या खुणा' अशा मोघम शब्दांत. इथे दोष दुसऱ्याच ओळीत आला होता, महिना, साल आणि जागा सांगून. वापरलेल्या पर्सची जाहिरात कशी लिहावी हे मला त्या ओळीने शिकवलं, म्हणून ती जाहिरात आज पुन्हा वाचावीशी वाटते, फोटो धरून, एकेक करून.

पहिला फोटो समोरून, पलंगावरच्या चादरीवर, खिडकीच्या उजेडात. चादरीला सुरकुत्या आहेत, कोपऱ्यात उशीची कड दिसते. मला हे फार आवडलं. कंपनीच्या साइटवरून उचललेले पांढऱ्या पार्श्वभूमीचे गुळगुळीत फोटो लावलेल्या जाहिराती मी उघडतच नाही. ज्याच्याकडे वस्तू आहे तो वस्तूचाच फोटो काढतो.

दुसरा फोटो पाठीमागून, आणि इथे भल्याभल्या गिऱ्हाइकांचा पाय घसरतो. पाठीवरची 'एल व्ही' ही सगळी अक्षरं उलटी आहेत, डोकं खाली पाय वर. 'ही तर डुप्लिकेट!' असं म्हणून अनेक जणी इथूनच परत फिरतात. खरं तर मोनोग्रामच्या स्पीडीची ही सर्वांत गोड खूण आहे. तिचं अंग कॅनव्हासच्या एका सलग तुकड्याचं असतं. तो समोरून निघतो, तळाखालून वळतो आणि पाठीवर चढतो. खणाची पिशवी कधी शिवली असेल तर हे सांगायला नको: छापाला दिशा असली आणि तळाला जोड द्यायचा नसला, की एक बाजू उलटी येणारच. तिसरा फोटो त्याच तळाचा आहे. मधोमध कुठेही शिवण नाही. दोन्हीकडे सुलटी अक्षरं हवीत म्हणून नक्कल करणारा तळाशी दोन तुकडे जोडतो आणि पकडला जातो. दुसरा आणि तिसरा फोटो एकामागोमाग ठेवणाऱ्या बाईला आपली पर्स पुरती माहीत होती.

हा छापच मुळात नकलेच्या त्रासातून जन्मला. लुई व्हिटॉनच्या प्रवासी पेट्यांची इतकी नक्कल व्हायची, की १८८८ साली काढलेल्या बुद्धिबळपटासारख्या चौकड्यांमध्येही नोंदणीकृत नाव गुंफावं लागलं. लुई १८९२ साली गेले आणि १८९६ साली त्यांच्या मुलाने, जॉर्जने, बापाची आद्याक्षरं आणि फुलं यांचा हा छाप काढला. सव्वाशे वर्षं उलटली. आज लिंकिंग रोडच्या फूटपाथपासून लग्नाच्या हॉलपर्यंत तो सगळीकडे दिसतो. छाप नुसता पाहून काहीच ठरत नाही. तो कापला कसा आणि शिवला कसा, तिथे नजर न्यावी लागते.

चौथा आणि पाचवा फोटो हँडलचे. या दोन फोटोंवर मी सर्वांत जास्त वेळ काढला. स्पीडीची हँडलं आणि कडेच्या पट्ट्या ज्या चामड्याच्या असतात त्याला व्हॅचेटा म्हणतात. झाडांच्या अर्कात कमावलेलं, वरून ना रंग ना लेप. नवं असताना ते सोललेल्या बदामासारखं फिकं असतं. मग ऊन, हवा आणि हाताचं तेल लागत जातं, तसं ते मधाच्या रंगावर येतं आणि वर्षानुवर्षं वापरलं तर जुन्या गुळासारखं काळपट तांबूस होतं. कोल्हापुरी चपलेचं कातडंही बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, म्हणून तीही पायाला लागत लागत अशीच गडद होत जाते. रंग पिकतो, असं आपण म्हणतो ते अगदी खरं.

पिकलेला रंग सारखा नसतो, हे चौथ्या फोटोत दिसतं. मूठ जिथे आवळली जाते तिथे हँडल सर्वांत गडद आहे. खाली उतरत जावं तसा रंग उजळतो, आणि पट्टीच्या वळणाखाली, जिथे ना हात जातो ना ऊन, तिथे अजून मूळच्या बदामी रंगाची बारीक रेघ उरली आहे. कडेला लालसर लेप, तोही मुठीपाशी थोडा झिजलेला. एका बाईचा हात कुठे पडायचा याचा हा नकाशाच म्हणायचा. पॉलिश चोळून आणलेला जुनेपणा एकसारखा असतो, त्यात हात दिसत नाही.

हे मला पैसे मोजून कळलं आहे. बारा वर्षांपूर्वी एका साइटवरून मी अशीच एक पर्स 'ओरिजिनल, बिलासकट' म्हणून घेतली होती. तीन वर्षं वापरली. हँडलं पहिल्या दिवशी जशी तांदळाच्या पिठासारखी पांढरट होती तशीच राहिली. पाणी सांडलं, पुसलं, डाग राहिला नाही, आणि मी त्याचं कौतुक करत राहिले. चामडं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी आरीचं टोक नुसतं कडेला लावलं आणि म्हणाले, "ताई, हे प्लॅस्टिक आहे, हे कधी म्हातारं होणार नाही." तेव्हापासून जुन्या वस्तूत मी आधी म्हातारपण शोधते.

सहावा फोटो चेनचा आणि कुलपाचा. पितळेची चेन, रनर थोडा काळवंडलेला. कुलपावर एक नंबर, दोन किल्ल्यांवर तोच. पुष्कळ विक्रेते हा नंबर पर्सचा 'सिरियल नंबर' म्हणून मिरवतात. तो फक्त कुलपाचा आणि किल्लीचा असतो, पर्सबद्दल त्यातून काही कळत नाही. हिने खाली लिहिलं होतं: 'कुलूप मूळचंच आहे, किल्ल्या दोन्ही आहेत.' बस, तेवढंच.

सातव्या फोटोत आतला खिसा उलटा करून धरला आहे. तपकिरी अस्तर, त्यावर शिवलेली बोटभर चामडी पट्टी, पट्टीवर दोन अक्षरं आणि चार आकडे: ००९३. हा आकडा सरळ वाचायचा नसतो. १९९० ते २००६ या काळातल्या पर्समध्ये पहिला आणि तिसरा आकडा मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून साल. म्हणजे ०९ आणि ०३, सप्टेंबर २००३. पुढे २००७पासून महिन्याच्या जागी आठवडा आला आणि मार्च २०२१पासून हे आकडे ठोकणंच बंद झालं. आता पर्समध्ये चिप असते. म्हणून कुणी २०२३ची नवी पर्स दाखवून आत ठोकलेला आकडा अभिमानाने पुढे करत असेल, तर तिथे थांबावं.

आकडा कुणालाही ठोकता येतो, त्यामुळे एकट्या आकड्यावर मी कधीच विसंबत नाही. तो बाकीच्यांशी जुळतो का, एवढंच बघायचं. आठवा फोटो बिलाचा होता: डिसेंबर २००३, पॅरिस. नाव आणि कार्डाचा नंबर तिने कागदाच्या पट्टीने झाकला होता, आणि ते योग्यच केलं होतं. मजकुरात लिहिलं होतं, 'भावाने तिकडून आणली.' सप्टेंबरात शिवलेली पर्स डिसेंबरात दुकानात विकली गेली, हे पटतं. मुंबईत या घराण्याचं दुकान ताजमध्ये उघडलं ते २००४ साली, तेव्हा भावाने पॅरिसहून आणणं हेही पटतं. उलट बिल आधीचं आणि आकडा नंतरचा असता, किंवा २००३चं मुंबईचं बिल असतं, तर सगळी गोष्टच कोसळली असती. साल, शहर, हँडलाचा रंग आणि बाईचं बोलणं, सगळं एका सुरात लागलं होतं. इतका शुद्ध सूर जाहिरातीत क्वचित लागतो.

नववा फोटो त्या डागाचा. एका रुपयाएवढा, गोल, कडेला गडद, आत थोडा फिका. अगदी जवळून काढलेला. लपवायचा डाग कुणी इतक्या जवळून दाखवत नाही.

तरीही मी दहावा फोटो मागितला. "ताई, पर्सशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून एक फोटो पाठवाल का? आणि चारही कोपरे, उजेडात." अर्ध्या तासात पाच फोटो आले, सोबत: "हो हो, पाठवते. मागचा डावा कोपरा जरा घासलाय, तो आधी टाकायचा राहिला, माफ करा." हे वाक्य मला सगळ्या बिलांपेक्षा मोलाचं वाटतं. चिडणारे विक्रेते मी पुष्कळ पाहिलेत: 'घ्यायची तर घ्या, दहा जण रांगेत आहेत.' घाई करणाऱ्याकडून मी काहीच घेत नाही.

पैसे साइटवरूनच भरले. वस्तू हाती येऊन तपासेपर्यंत रक्कम साइटकडे थांबते, यासाठीच तर साइटला दलाली द्यायची. पॅरिसची 'व्हेस्टियेर कलेक्टिव्ह' २००९पासून आणि सॅन फ्रान्सिस्कोची 'द रिअलरिअल' २०११पासून या धंद्यात आहेत. तिथे वस्तू तपासणाऱ्या माणसांची फौज असते. पण तपासणारा दिवसाला किती पर्स बघत असेल! आपण एकच बघतो, आणि आपल्याच पैशांची. पार्सल आलं तेव्हा खोक्याची पट्टी कापण्यापासून हँडल उजेडात धरेपर्यंत न थांबवता व्हिडिओ काढला. साइटचा टॅग तीन दिवस काढला नाही, कारण टॅग काढला की परतीचा हक्क जातो.

डागाने किंमत कमी होते, असा बाजाराचा नियम. त्याला एक सुंदर अपवाद आहे. जेन बर्किन यांच्यासाठी बनवलेली पहिली एर्मेस बर्किन जुलै २०२५मध्ये पॅरिसला सदबीजच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. पर्स चांगलीच वापरलेली, ओरखडे पडलेली, त्यांनी चिकटवलेल्या स्टिकरांच्या खुणा अंगावर, नखं कापायचं नेलकटर पट्ट्याला अडकवलेलं. बाईंनी ती १९९४ सालीच एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी विकून टाकली होती. ती पुसून, पॉलिश करून नवी केली असती, तर तिच्यातली जेन बर्किनच पुसली गेली असती. आपल्या पर्सना असा भाव येणार नाही, ठीक आहे. पण कपाटात डस्ट बॅगेत झोपवलेल्या कोऱ्या पर्सपेक्षा वापराची गोष्ट सांगणारी पर्स मला केव्हाही अधिक जिवंत वाटते.

गेल्या वर्षी मी माझी एक दुसरी पर्स विकायला काढली, तेव्हा ही अकरा ओळींची जाहिरात शेजारी उघडी ठेवूनच लिहिलं. दोष दुसऱ्या ओळीत. दहा मिनिटांत एक मेसेज आला: "मॅडम, लगेच घेतो, साइट नको, कमिशन वाचेल. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील." पैसे यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. एवढं एक वाक्य घराघरांत पाठ असतं तर किती जणींची बचत वाचली असती! मी त्याला ब्लॉक केलं आणि जी गिऱ्हाईक चार दिवस प्रश्न विचारत राहिली तिला पर्स दिली. पाठवण्याआधी अस्तराच्या एका टाक्याचा आणि रनरवरच्या ओरखड्याचा फोटो काढून ठेवला. परत येणारी पर्स तीच असते असं नाही, कधी कधी तिची नक्कल येते. कुरियर विम्यासकट.

दादरची स्पीडी मात्र विकणार नाही. मागच्या जुलैत ठाणे स्टेशनच्या पुलावर छत्री उलटली आणि डाव्या बाजूच्या हँडलच्या मुळाशी एक थेंब बसला. घरी येऊन पुसला, गेला नाही. मी त्याचा जवळून एक फोटो काढला आणि आमच्या जुन्या संभाषणात त्या ताईंना पाठवला, खाली महिना, साल आणि जागा लिहून.

थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं: "आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या."